दिव्याच्या शेडवर ४० वॅट, बल्बही ४० वॅट, तरी होल्डर जळाला

मे महिन्यात मंगळवार पेठेतल्या एका जुन्या माळवदाच्या घरून फोन आला. बैठकीतला दिवा लागत नाही, आणि बल्ब काढायला चढलेल्या सुनेला बटण बंद असतानाही करंट बसला, असं सांगणं होतं. दिवा लागत नसेल तर ते काम उद्यावर ढकलता येतं. बटण बंद असताना करंट बसत असेल तर नाही ढकलता येत. मेन स्विच पाडा आणि मी येईपर्यंत त्या दिव्याला कुणी हात लावू नका, एवढं फोनवरच सांगून निघालो.

घरगुती वायरिंगची कामं करताना असे दिवे मला सोलापुरात नेहमी दिसतात. हे प्रकरण मुद्दाम सविस्तर मांडतोय. इथे सापडलेला प्रत्येक दोष एकेकटा पाहिला तर किरकोळ वाटावा असा होता. ते सगळे एकाच दिव्यात जमले आणि एका बाईच्या जिवावर बेतण्याची वेळ आली.

घर, दिवा आणि घरच्यांचं म्हणणं

खोली साधारण बारा बाय चौदा फुटांची. वर काळपट पडलेल्या लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. मधल्या तुळईला हूक, हुकाला पितळी साखळी, साखळीच्या टोकाला पितळी टोपी, आणि टोपीत तीन स्क्रूंनी धरलेला दुधी काचेचा मोठा गोळा. होल्डर टोपीच्या पोटात, साधा दोन पिनांचा, ज्याला बी-२२ म्हणतात. बल्ब उलटा, डोकं खाली करून गोळ्यात लोंबायचा.

आजी याच खोलीत सकाळ-संध्याकाळ पोथी वाचतात. मुलगा यंत्रमाग कारखान्यात टॉवेलच्या मागांवर आहे. सूनबाई घरीच शिवणकाम करतात. तिघांकडून मिळून जो इतिहास कळला तो असा: पूर्वी गोळ्यात तारेचा पिवळा बल्ब असायचा, एरवी साठचा आणि घरात कार्य असलं की शंभरचा. मधली काही वर्षं सीएफएल होता. जानेवारी २०१५ मध्ये सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि ९ वॅटचा एलईडी घरोघर पोचला, तेव्हा या घरातही तो आला. तेव्हापासून या एका दिव्यात बल्ब टिकेनासे झाले. स्वयंपाकघरात तसाच बल्ब वर्षानुवर्षं चालतो, इथे दोन-तीन महिन्यांत जातो. "आताचे बल्बच बोगस निघतात ओ दादा," सूनबाई म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट त्या जाता जाता बोलून गेल्या. रात्री बटण बंद केलं तरी बल्ब मिणमिणत राहायचा. आजींना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट रात्री उठल्यावर तेवढ्या उजेडात पाणी प्यायला जाता यायचं. मला मात्र दिवा न लागण्यापेक्षा या मिणमिणण्याची जास्त काळजी वाटली.

शेवटचा बल्ब मुलाने आणला होता. कारखान्याच्या शेडमध्ये लावतात तसला मोठा, ४० वॅटचा एलईडी. आजींना अक्षर दिसत नाही म्हणून त्याने मनावर घेतलं होतं. आणताना त्याने एक काळजीही घेतली होती, जी फार कमी लोक घेतात: टोपीच्या आतल्या बाजूला काय लिहिलंय ते वाचलं होतं. "कमाल ४० वॅट लिहिलंय, बल्बही ४०चाच आहे, मग चुकलं काय?" त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. तीन आठवड्यांत तो बल्ब गेला, आणि जाताना होल्डरही घेऊन गेला.

वर चढल्यावर

मेन बंद होतं, तरी आधी टेस्टर दुसरीकडच्या चालू पॉइंटवर लागतो का ते पाहून घ्यायला हवं होतं. खराब टेस्टर "करंट नाही" असं खोटं सांगतो. म्हणून मिनिटभर मेन चढवून सॉकेटवर टेस्टर तपासला, मेन पुन्हा पाडलं आणि मग होल्डरला लावला. स्टूल लाकडी घेतलं. घरात प्लॅस्टिकची खुर्ची पुढे केली होती, ती बाजूला ठेवायला लावली. वर हात करून जोर लावताना तिचे पाय फाकतात.

टोपी उघडली आणि इतक्या वर्षांची हकिगत समोर आली. होल्डरचं बेकेलाइट तपकिरी होऊन भुसभुशीत झालं होतं, कडेचा तुकडा बोटाने निघाला. आतल्या दोन स्प्रिंगपिनांपैकी एक दाबली की वर येतच नव्हती. काढलेल्या बल्बच्या बुडाला शिशाचे जे दोन ठिपके असतात, त्यातला त्याच पिनेसमोरचा ठिपका काळा पडून खड्डा झालेला. होल्डरच्या वरची वायर हातभर कडक झाली होती. वाकवली की कवच तडकून आतलं तांबं दिसायचं. एके ठिकाणी हे उघडं तांबं पितळी टोपीला टेकलं होतं. टोपीला अर्थिंगची वायर नव्हतीच.

टोपीच्या वरच्या कडेला गोल भोकांची एक रांग आहे. त्या सगळ्या भोकांवर काळी टेप चिकटवलेली सापडली. पावसाळ्यात किडे आत जाऊन गोळ्याच्या तळाशी साचायचे, म्हणून कधीतरी ती बुजवली होती.

या खुणांवरून कोणतं नुकसान कशामुळे झालं ते बरंचसं वेगळं करता येतं. हातभर लांब वायर कडक होणं हे एलईडीचं काम नव्हे. घरगुती पीव्हीसी वायरचं कवच ७० अंश सेल्सिअसपर्यंत सतत टिकावं असं धरलेलं असतं. बंद गोळ्यातला साठ-शंभरचा तारेचा बल्ब टोपीत त्याच्या बऱ्याच वर तापमान नेतो. म्हणजे वायर आणि होल्डर दोन्ही जुन्या बल्बांनी वर्षानुवर्षं भाजून निघाले होते. त्या उष्णतेत पिनेचा ताण गेला. ताण गेल्यावर बल्ब होल्डरमध्ये बसलेला दिसतो, पण पिन त्याला घट्ट टेकत नाही. मधल्या केसाएवढ्या फटीत ठिणगी पडत राहते. तारेचा बल्ब हे निमूट सोसतो. एलईडीच्या बुडात मात्र एक छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि असा तुटक पुरवठा त्याला मारून टाकतो. ९ वॅटचे बल्ब पटापट जात होते ते यामुळे, आणि भोकं बुजल्याने वाढलेल्या गरमीमुळे. बल्ब बोगस होते की नव्हते, हा प्रश्न इथे नंतरचा होता.

मग ४० आणि ४० जुळले, तरी चुकलं काय?

शेडवर किंवा टोपीत छापलेला वॅटचा आकडा हा उष्णतेचा आकडा आहे. या दिव्यावर तो छापला तेव्हा बाजारात तारेचेच बल्ब होते. तारेच्या बल्बला मिळणाऱ्या विजेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज उष्णता होऊन जाते. त्यातली बरीचशी उष्णता किरणांच्या रूपाने काचेतून बाहेर पडते, बल्बच्या पोटात अडकत नाही. शिवाय त्या बल्बात जळण्यासारखं काही नसतं, तार पांढरी होईपर्यंत तापायलाच बनवलेली असते.

एलईडीचं गणित वेगळं आहे. तो कमी तापतो हे खरं, पण त्याची उष्णता उजेडाबरोबर पुढे जात नाही. ती मागे, बुडाकडे येते, जिथे ड्रायव्हर बसलेला असतो. ड्रायव्हरमधला कपॅसिटर तर उष्णतेला फारच हळवा. ढोबळ नियम असा की दर १० अंश तापमानवाढीला त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. मोठ्या बल्बांना मागे ॲल्युमिनियमचं कवच असतं ते ही उष्णता हवेत सोडायला. कारखान्याच्या उंच शेडमध्ये चारी बाजूंनी हवा खेळते, तिथे ते काम करतं. इथे तोच बल्ब बंद काचेच्या गोळ्यात, भोकं बुजवलेल्या टोपीखाली, बूड वर करून टांगला होता. गरम हवा वरच चढते, म्हणजे ड्रायव्हर खोलीतल्या सगळ्यात गरम कोपऱ्यात. बाहेर सोलापूरचा मे, बेचाळीस-त्रेचाळीस अंश. मी तो बल्ब खाली आणून उघडला तेव्हा कपॅसिटरचं डोकं फुगून वर आलेलं होतं.

वजनाचाही प्रश्न होता. हा बल्ब साध्या ९ वॅटच्या बल्बापेक्षा कितीतरी जड. दोन पिनांच्या होल्डरमध्ये बल्ब कडेच्या दोन छोट्या खिळ्यांवर लटकतो. आधीच भुसभुशीत झालेल्या होल्डरला ते वजन पेलवलं नाही. तो तिरका झाला, वायर ओढली गेली आणि तडकलेलं कवच टोपीवर घासलं. मुलाने आकडा बरोबर वाचला होता. तो आकडा कोणत्या बल्बासाठी लिहिलाय, हे मात्र शेडवर कुठेच लिहिलेलं नसतं, आणि दुकानातही सहसा कुणी सांगत नाही. मला हे फार खटकतं. माणूस नियम पाळतो आणि तरी अडचणीत येतो.

याचाच उलटा गोंधळ खोक्यांवरही असतो. एलईडीच्या खोक्यावर "१०० वॅटच्या बल्बाइतका उजेड" असं मोठ्या अक्षरात असतं आणि खरे वॅट, १२ किंवा १४, बारीक अक्षरात. शेडच्या मर्यादेशी ताडून पाहायचे ते बारीक अक्षरातले. उजेडासाठी वॅट पाहूच नयेत, ल्युमेन पाहावेत. तारेच्या साठच्या बल्बाचा उजेड साधारण ७०० ल्युमेन, चांगल्या ९ वॅटच्या एलईडीचा ९०० च्या आसपास. म्हणजे साठच्या जागी ९चा लावला तर उजेड वाढायलाच हवा.

बटण बंद असताना करंट कुठून आला

करंट कुठून आला ते शोधायला बोर्ड उघडावा लागला. हा बोर्ड मूळ वायरिंगमधला नव्हता, नंतर कुणीतरी वाढवलेला. दोन्ही वायरी पांढऱ्या. आपल्याकडे फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीला, लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या वायरीला, काळा आणि अर्थिंगला हिरवा असा रिवाज आहे तो अशाच वेळी उपयोगी पडतो. रंग नव्हता, म्हणून जोडणाऱ्याने बटण फेजवर न लावता न्यूट्रलवर लावलं होतं.

बटण न्यूट्रलवर असलं तरी दिवा नीट लागतो, नीट बंद होतो. म्हणून वर्षानुवर्षं कुणाला काही कळत नाही. पण बटण बंद केल्यावर तुटते ती परतीची वाट. फेज होल्डरपर्यंत जिवंतच राहते. एलईडीला मिणमिणायला अगदी थोडा करंट पुरतो, आणि फेजला जोडलेल्या बल्बाला तेवढा करंट आजूबाजूच्या वायरींतून, भिंतीतून मिळत राहतो. बटणात छोटा इंडिकेटर दिवा असला किंवा जिन्याचं दोन बटणांचं कनेक्शन असलं तरी बल्ब मिणमिणू शकतो. तेव्हा मिणमिणला की बटण न्यूट्रलवरच आहे, असं लगेच ठरवू नये. या बोर्डावर दोन्हींपैकी काही नव्हतं. मेन चालू करून, बटण बंद ठेवून टेस्टर लावला तर तो होल्डरवर लागला, आणि पितळी टोपीवरही लागला.

सूनबाईंनी बटण बंद केलं, डाव्या हाताने टोपी धरली आणि उजव्या हाताने बल्ब फिरवायला घेतला. टोपीत फेज उतरलेली. पाय लाकडी स्टुलावर होते, पायांत कोरड्या चपला होत्या. झटका बसला आणि हात सुटला. ओल्या फरशीवर उभं राहून त्यांनी टोपी पुसायला घेतली असती तर काय झालं असतं, ते मला लिहवत नाही.

घरात मीटरपाशी चिनी मातीचे जुने किटकॅट फ्यूज होते. सगळ्यांचा समज असा की काही झालं तर फ्यूज उडेलच. फ्यूजची तार घराची वायर जळू नये म्हणून असते, ती ५ अँपिअर किंवा त्याच्या पुढेच वितळते. माणसाच्या छातीतून ०.०५ अँपिअर काही क्षण गेला तरी हृदय बंद पडू शकतं. त्या करंटाची फ्यूजला जाणीवसुद्धा होत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपिअरचा, जो ०.०३ अँपिअर बाहेर गळाला की डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो.

काय बदललं

बोर्डात फेज बटणावर घेतली आणि वायरींना रंगीत टेप गुंडाळली, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल. तुळईपासून खालची सगळी वायर काढून नवी टाकली, टोपीतल्या भागावर उष्णता सोसणारी स्लीव्ह चढवली. होल्डर चिनी मातीचा, आयएसआय शिक्क्याचा बसवला. स्वयंपाकघरातल्या थ्री-पिनपाशी चांगलं अर्थिंग होतं, तिथून हिरवी वायर आणून टोपीच्या स्क्रूला जोडली. दिव्याचं वजन पूर्ण साखळीवर येईल आणि वायर सैल राहील असं पाहिलं. धातूचा दिवा आणि अर्थिंग नाही, ही जोडी मी कुठल्याच घरात तशी सोडत नाही.

होल्डर आट्यांचा असता, ई-२७ किंवा झुंबरातला बारीक ई-१४, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागली असती. त्यात फेज मधल्या टोकालाच हवी, आट्यांच्या भांड्याला न्यूट्रल. उलटं झालं तर बल्ब बसवताना बोटं लागतात त्या कडेलाच फेज येते. पिनच्या होल्डरमध्ये आट्यांचा बल्ब बसावा म्हणून अडॅप्टर मिळतात, ते बंद शेडमध्ये लावू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. बल्ब खाली सरकून काचेला टेकतो, आणि सैल होऊ शकणारा आणखी एक जोड वाढतो.

टेप काढून भोकं मोकळी केली आणि आतून बारीक तारेची जाळी लावली. किड्यांचा प्रश्न खरा होता, त्यावर उपायही हवाच होता, फक्त हवा अडवून नव्हे.

आता उजेडाचं. मुलाला वाटत होतं, गोळ्यातच आणखी दमदार बल्ब बसेल असं काहीतरी करू. मी नको म्हटलं. वर काळं लाकूड, ते उजेड परत पाठवत नाही. मध्ये दुधी काच, ती आपला वाटा घेते. दिवा खोलीच्या मधोमध आणि आजी बसतात भिंतीपाशी, म्हणजे पोथीवर स्वतःची सावली. गोळ्यात कितीही वॅट घातले तरी ही सावली तिथेच राहते. म्हणून गोळ्यात ७ वॅटचा पिवळसर, ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा) बल्ब ठेवला, खोक्यावर बंद शेडमध्ये चालेल असं लिहिलेला. आजींच्या बैठकीमागे, डाव्या खांद्याच्या वरून उजेड येईल असा उघडा अँगल होल्डर लावून त्यात ९ वॅटचा. शिलाई मशीनच्या भिंतीला २० वॅटची एलईडी पट्टी, सुमारे २००० ल्युमेनची. तिन्ही मिळून ३६ वॅट, म्हणजे त्या एका बल्बाहूनही कमी, आणि आजींना त्याच संध्याकाळी पोथीतली बारीक टीपसुद्धा वाचता आली.

बल्ब आणायला मुलगा नवी पेठेत जाणार होता, त्याला काय पाहायचं ते सांगून पाठवलं. बल्बावर बीआयएसची खूण, आयएस १६१०२ आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. ल्युमेन आणि केल्विन दोन्ही लिहिलेले हवेत. "बंद शेडमध्ये वापरू नका" असं बऱ्याच बल्बांवर इंग्रजीत बारीक छापलेलं असतं, ते शोधायचं. बिल घ्यायचं, वॉरंटी बिलावरच चालते. आणि दुकानदार बोर्डावर बल्ब लावून दाखवतो तेव्हा वरची पांढरी टोपी हलत नाही ना, हे बघायचं. स्वस्त बल्बांची ती टोपी काही महिन्यांत निखळते आणि आतली एलईडीची चकती उघडी पडते. बऱ्याच बल्बांत त्या चकतीवर थेट घरातल्या विजेचा दाब असतो. बल्ब उजळतोय म्हणून लोक तो तसाच वापरतात. तो ताबडतोब मेन बंद करून काढायला हवा.

बल्ब कसा बसवायचा तेही सूनबाईंना करून दाखवलं, कारण घरात हे काम त्याच करतात. मेन किंवा एमसीबी पाडायचा, नुसतं बटण नव्हे. जुना बल्ब गार होऊ द्यायचा. बल्ब बुडाजवळ धरायचा, पांढऱ्या टोपीला पिळायचं नाही. दाबून फिरवल्यावर तो स्प्रिंगने परत ढकलल्यासारखा वाटला पाहिजे. तसा वाटला नाही, सैल डुलला, तर दोष होल्डरचा, आणि तिथे नवा बल्ब घालणं म्हणजे तोही घालवणं. गोळा परत बसवताना काच आणि बल्ब यांत दोन बोटं तरी जागा हवी.

आरसीसीबी बसवण्याआधी मेगरने, म्हणजे वायरीच्या कवचातून वीज गळते का ते मोजणाऱ्या यंत्राने, सगळ्या लाइन तपासल्या. खालच्या मजल्याच्या ठीक आल्या. माडीवरच्या खोलीची लाकडी पट्टीतली जुनी लाइन एक मेगओमच्याही खाली आली, म्हणजे तिचं कवच वीज गळू देत होतं. माळवद पावसात पाझरतं आणि ओल त्या पट्टीत उतरते. ती लाइन चालू ठेवली असती तर आरसीसीबी पावसाळ्यात सारखा पडला असता, आणि मग कुणीतरी वैतागून तो काढून टाकला असता. असं झालेली घरं मी पाहिली आहेत. म्हणून ती लाइन मेनपाशीच सोडवून तिची टोकं बंद केली. माडीवर धान्याची पोती आणि जुनं सामान असतं, तिथे जाताना आता ते बॅटरी नेतात. मुलाने दिवाळीचा बोनस मिळाल्यावर वरची वायरिंग पाइपमधून नवी करून घ्यायचं ठरवलं आहे, आणि त्याआधी माळवदावर पत्रा टाकायचा की नाही, यावर आजींचा आणि त्याचा विचार अजून चालू आहे.